२४ सेंटिमीटरचा हिशेब

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याने निघाले की पळस्पे ओलांडल्यावर शिरढोण लागते आणि समोर कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका दिसू लागतो. शिरढोण हे वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव. १८४५ साली त्यांचा जन्म झाला आणि १८७९ मध्ये त्यांनी इंग्रजांविरुद्ध बंड केले. त्याच्या आदल्याच वर्षी, म्हणजे १८७८ मध्ये, इंग्रज सरकारने शस्त्र कायदा केला होता. या कायद्याने भारतीय माणसाला परवान्याशिवाय बंदूक बाळगण्याची बंदी झाली. युरोपियनांना मात्र त्यातून सूट होती. १८५७ नंतर तर खुद्द सरकारी फौजेतही भारतीय शिपायाच्या हाती गोऱ्या शिपायापेक्षा एक पिढी जुनी बंदूक द्यायची, असे धोरणच ठरले होते.

बंदूक कोणाच्या हाती कोणती, हा प्रश्न असा फार जुना आहे. तो राजकारणाचा आहे, तसाच घडणीचाही आहे. बंदूक तयार करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जो माणूस असतो, त्याच्या हाताच्या लांबीची, त्याच्या खांद्याची, त्याच्या उजव्या डोळ्याची ती बनते. या लेखात आपण घडणीच्या बाजूने थोडा इतिहास पाहणार आहोत.

कोकणात शेतीच्या संरक्षणासाठी परवान्यावर दिलेल्या ठासणीच्या बंदुका आजही घराघरांत आहेत. रानडुकरे आणि वानरे यांना पळवून लावण्यासाठी त्या असतात आणि निवडणूक आली की पोलिस ठाण्यात जमा होतात. लांब नळी, तिच्या मागच्या टोकाला चाप आणि त्याच्या मागे खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता, अशी तिची रचना. आता भारतीय नौदलाच्या मार्कोस दलाने वापरलेली ‘ताव्होर’ ही इस्रायली रायफल डोळ्यांसमोर आणा. वर्तमानपत्रांत तिची छायाचित्रे येतात. प्रथम पाहणाऱ्याला ती चुकून मागेपुढे जोडल्यासारखी वाटते. काडतुसांची पेटी, म्हणजे मॅगझिन, चापाच्या पुढे असायचे ते मागे, जवळजवळ काखेत आले आहे. सारी यंत्रणा दस्त्याच्या पोटात शिरली आहे. या घडणीला इंग्रजीत ‘बुलपप’ म्हणतात.

यंत्रणा पुढे असली काय आणि मागे असली काय, एवढ्याने काय साधते? आणि साधत असेल तर हे कोणाला आधी का सुचले नाही?

नळी लांब का असते?

प्रथम नळीचे काम पाहू. काडतुसातील दारू पेटली की वायू तयार होतो आणि तो गोळीला पुढे ढकलतो. गोळी नळीत आहे तोवरच हे ढकलणे चालते. शाळेतले सूत्र येथे पुरेसे आहे : कार्य म्हणजे बल गुणिले अंतर. बल तेच असेल तर अंतर जितके जास्त तितकी गोळीला मिळणारी ऊर्जा जास्त.

पुण्याच्या शस्त्रास्त्र संशोधन आणि विकास आस्थापनेने विकसित केलेल्या ‘इन्सास’ रायफलीचे उदाहरण घेऊ. गोळीचे वस्तुमान सुमारे ४ ग्रॅम, नळीतून बाहेर पडतानाचा वेग सेकंदाला सुमारे ९०० मीटर. म्हणजे गतिज ऊर्जा साधारण १६०० ज्यूल झाली. नळीची लांबी ४६.४ सेंटिमीटर. १६०० ला ०.४६ ने भागले की सरासरी बल मिळते : सुमारे ३५०० न्यूटन. साडेतीनशे किलो वजनाची वस्तू अंगावर ठेवावी तेवढा जोर त्या चार ग्रॅमच्या तुकड्यावर साधारण एक हजारांश सेकंद लागतो.

प्रत्यक्षात हे बल सुरुवातीला फार मोठे असते आणि गोळी पुढे जाईल तसे उतरत जाते. म्हणून नळी दुप्पट केली तर वेग दुप्पट होत नाही. पण नळी फार आखूड केली तर वायूचे काम अर्धवट राहते. वेग घटतो, आवाज आणि ज्वाळा वाढतात. तेव्हा नळी एका मर्यादेखाली कापता येत नाही, हे पहिले बंधन.

दुसरे बंधन माणसाच्या शरीराचे. दस्ता खांद्याला टेकवून बोट चापावर ठेवायचे, तर खांद्यापासून चापापर्यंत साधारण ३३ ते ३५ सेंटिमीटर अंतर लागते. ते फार कमी झाले तर कोपर अवघडते, फार वाढले तर बोट पोहोचत नाही. हे अंतर भौतिकशास्त्राने नव्हे, आपल्या हाताच्या हाडांनी ठरवले आहे.

आता या दोन लांब्या एकापुढे एक ठेवल्या की नेहमीची बंदूक तयार होते. पण खांदा आणि चाप यांच्यामधली ३३ सेंटिमीटर जागा तशी रिकामीच राहते; तिथे फक्त लाकूड असते. या जागेत यंत्रणा बसवली, म्हणजे दोन लांब्या एकमेकींवर सरकवल्या, तर नळी न कापता बंदूक आखूड होईल. बुलपपची सारी कल्पना एवढीच आहे.

ती आधी का शक्य नव्हती?

कल्पना इतकी सोपी, तर शेकडो वर्षे ती कोणी वापरली कशी नाही? याचे उत्तर गालाशी आहे. नेम धरताना आपला गाल दस्त्यावर टेकलेला असतो.

तोड्याच्या बंदुकीत नळीच्या मागच्या टोकाला एक बारीक छिद्र असे. त्याला बंदुकीचा कान म्हणत. कानाशी थोडी दारू ठेवत, तिला रंजक म्हणत. जळता तोडा रंजकीला लागला की ती भडकून उडे आणि कानातून आग नळीत जाई. पुढे तोड्याऐवजी चकमक आली, मग स्फोटक द्रव्याची तांब्याची टोपी आली. पण नळीच्या मागच्या भागातून थोडी आग आणि धूर बाहेर पडायचाच. असली यंत्रणा गालाखाली ठेवली तर नेमबाजाचा डोळा जाईल. शिवाय ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी तोंडाकडून भरून गजाने ठासायची. ती भरायला बंदूक उभी धरावी लागे, म्हणून बंदुकीच्या आखूडपणाची तेवढी निकडही नव्हती.

हे चित्र बदलले ते पितळी काडतुसामुळे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कागदी काडतूस मागे पडले आणि धातूचे आले. पितळ लवचिक असते. दारू पेटली की काडतुसाच्या भिंती फुगून नळीच्या कोठीला घट्ट चिकटतात आणि मागे वायू येऊ देत नाहीत. दाब उतरला की पितळ पुन्हा किंचित आक्रसते आणि रिकामे काडतूस बाहेर काढता येते. बूच आपले आपण बसावे आणि आपले आपण सुटावे, असा हा प्रकार आहे. या एका गुणामुळे बंदूक मागून भरता येऊ लागली आणि स्फोटाची जागा माणसाच्या गालाजवळ आणणे प्रथमच शक्य झाले.

तसा प्रयत्न लवकरच झाला. १९०१ मध्ये इंग्लंडमध्ये थॉर्नीक्रॉफ्ट नावाच्या बंदूक-कारागिराने एका आखूड रायफलीचे पेटंट घेतले. तिचा बोल्ट पार खांद्यापर्यंत मागे सरकत असे. तुलनेच्या ली-एन्फिल्ड रायफलीपेक्षा ती १९ सेंटिमीटरने आखूड आणि वजनाने सुमारे एक दशांश हलकी होती. पण चाचणीत तिचा धक्का फार बसतो आणि हाताळायला ती अवघड जाते, असे दिसून आले. प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने मागे ओढायचा आणि तो तर गालाशेजारी. म्हणजे दर वेळी बंदूक खांद्यावरून हलवा आणि पुन्हा नेम धरा. लष्कराने ती नाकारली. काडतूस तयार होते, पण आपोआप भरणारी यंत्रणा अजून यायची होती.

पाच बंदुकांची वजाबाकी

आता एक छोटा हिशेब करू. प्रत्येक बंदुकीच्या एकूण लांबीतून नळीची लांबी वजा करायची. आकडे सेंटिमीटरमध्ये आहेत.

ली-एन्फिल्ड (थ्री नॉट थ्री) : एकूण ११३, नळी ६४, बाकी ४९
इन्सास : एकूण ९६, नळी ४६, बाकी ५०
ईएम-२ (ब्रिटिश बुलपप, १९५१) : एकूण ८९, नळी ६२, बाकी २७
ऑग (ऑस्ट्रियन बुलपप, १९७७) : एकूण ७९, नळी ५१, बाकी २८
ताव्होर (इस्रायली बुलपप) : एकूण ७२, नळी ४६, बाकी २६

देश वेगळे, काळ वेगळा, काडतूस वेगळे. तरीही पहिल्या दोन बंदुकांची बाकी पन्नासच्या आसपास येते आणि नंतरच्या तिघींची २६ ते २८ च्या आत राहते. इन्सास आणि ताव्होर यांची नळी जवळजवळ सारखीच, पण एकूण लांबीत २४ सेंटिमीटरचा फरक. ली-एन्फिल्ड आणि ईएम-२ यांच्यातही २४ चाच फरक. योगायोग वाटावा इतके हे आकडे जुळतात, पण त्यामागे कारण आहे. बाकी उरलेल्या लांबीत मुख्यतः माणसाचा हात आणि काडतूस मागेपुढे सरकायला लागणारी जागा एवढेच असते आणि या दोन्ही गोष्टी फारशा बदलत नाहीत. सर्वच बंदुका इतक्या आज्ञाधारक नसतात. भारतीय फौजेने अनेक वर्षे वापरलेल्या ७.६२ मिलिमीटर सेल्फ-लोडिंग रायफलीची बाकी ६१ येते, कारण तिची यंत्रणा लांब आहे आणि नळीच्या तोंडाशी ज्वाळा रोखणारी पुढे आलेली जोडणी आहे.

२४ सेंटिमीटर म्हणजे शाळेतल्या पट्टीपेक्षाही कमी. तेवढ्यासाठी इतका खटाटोप कशाला? दुसऱ्या महायुद्धानंतर पायदळाचा सैनिक चालत जाण्याऐवजी चिलखती गाडीत किंवा हेलिकॉप्टरमध्ये बसून जाऊ लागला. तिथे गुडघ्याला गुडघा लागलेला असतो आणि दार अरुंद असते. जिन्याच्या वळणावर किंवा खोलीच्या उंबऱ्यात तर नळीचे टोक माणसाच्या आधी पुढे जाते आणि वर्दी देते. अशा जागी पाव मीटर ही मोठी सवलत ठरते.

एका निवडणुकीची गोष्ट

ईएम-२ ची कथा विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना सांगण्यासारखी आहे. युद्धानंतर ब्रिटिशांनी ७ मिलिमीटरचे नवे, मध्यम ताकदीचे काडतूस आणि त्यासाठी ही आखूड, स्वयंचलित रायफल तयार केली. तिचा मुख्य अभिकल्पक स्टीफन जॅन्सन हा मूळचा पोलिश. एप्रिल १९५१ मध्ये मजूर पक्षाच्या सरकारने ती अधिकृतपणे स्वीकारलीही. पण अमेरिकेला अधिक ताकदीचे ७.६२ मिलिमीटरचे काडतूस हवे होते आणि नाटो गटातील सर्वांनी एकच काडतूस वापरावे असा आग्रह होता. ऑक्टोबर १९५१ मध्ये निवडणूक होऊन चर्चिल पुन्हा पंतप्रधान झाले आणि ईएम-२ बाजूला पडली. तिच्याऐवजी बेल्जियन घडणीची लांब सेल्फ-लोडिंग रायफल आली.

त्याच जातीची रायफल पुढे भारतात इशापूरच्या कारखान्यात बनू लागली आणि इन्सास येईपर्यंत आपल्या जवानांनी ती खांद्यावर वागवली. लंडनच्या एका निवडणुकीचा आणि लडाखमधील जवानाच्या खांद्यावरच्या बंदुकीच्या लांबीचा संबंध असा दुरून लागतो. एखादे साधन मागे पडले म्हणजे ते निकृष्टच होते, असे म्हणता येत नाही, एवढे यातून कळते.

बुलपपला मान्यता मिळाली ती १९७० नंतर. ऑस्ट्रियाने १९७७ मध्ये ऑग स्वीकारली, फ्रान्सने १९७८ मध्ये फामास आणि ब्रिटनने १९८५ मध्ये एसए-८०. तोवर आणखी दोन गोष्टी तयार झाल्या होत्या. एक म्हणजे मजबूत प्लॅस्टिक. ऑगचे सारे अंग आणि चापाच्या यंत्रणेचा बराचसा भाग प्लॅस्टिकचा आहे. दुसरी म्हणजे सामान्य सैनिकाला देता येईल अशी दणकट दुर्बीण. ही दुसरी गोष्ट का लागली ते पुढे पाहू.

मोबदला काय द्यावा लागला?

निसर्गात फुकट काही मिळत नाही, हे आपण ऊर्जेच्या धड्यात शिकवतो. येथेही २४ सेंटिमीटर मिळाले त्यांची किंमत चार ठिकाणी मोजावी लागली.

पहिली किंमत चापाची. बोट पुढे आणि आघात करणारी हातोडी मागे, त्यामुळे दोघांमध्ये लांब दांडी घालावी लागते. दांडी किंचित वाकते, घासते आणि बोटाला नेमका क्षण कळत नाही.

दुसरी किंमत नेम धरण्याची. जुन्या पद्धतीत मागची खाच आणि पुढची खूण एका रेषेत आणतात. दोन्हींमध्ये ५० सेंटिमीटर अंतर असेल आणि रेषेत अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली, तर समरूप त्रिकोणांच्या नियमाने १०० मीटरवर १० सेंटिमीटरची चूक होते. अंतर ३५ सेंटिमीटरवर आले तर तीच चूक १४ सेंटिमीटरची होते. आखूड बंदुकीत हे अंतर घटतेच. म्हणून ईएम-२, ऑग आणि एसए-८० या तिन्हींमध्ये सुरुवातीपासून दुर्बिणीची सोय आहे.

तिसरी किंमत कानाची आणि हाताची. स्फोटाची जागा कानाजवळ येते. मॅगझिन बदलायचे तर हात काखेकडे वळवावा लागतो. नजर समोर ठेवून हे करायला बराच सराव लागतो.

चौथी किंमत सगळ्यांना सारखी मोजावी लागत नाही. रिकामे, गरम काडतूस उजवीकडे बाहेर फेकले जाते. नेहमीच्या बंदुकीत ते तोंडाच्या बरेच पुढून जाते. बुलपपमध्ये ते नेमके गालाजवळून निघते. उजव्या खांद्यावर बंदूक असेल तर प्रश्न नाही. डाव्या खांद्यावर घेतली तर ते थेट चेहऱ्यावर येते. ऑग आणि ताव्होर यांचे काही भाग बदलून काडतूस डावीकडे काढता येते. एसए-८० ला ही सोय नव्हती. त्यामुळे ब्रिटिश सैन्यातील डावखुऱ्या सैनिकाला उजव्या खांद्यावरूनच गोळी झाडायला शिकावे लागले. माणसांमध्ये साधारण दहापैकी एक डावखुरा असतो. पाव मीटरची बचत सर्वांची झाली. तिचा बोजा मात्र दहाव्या माणसावर पडला.

हाताळताना काय जाणवते?

सैनिकी रायफल आपल्याकडे सामान्य नागरिकाला बाळगता येत नाही आणि ते योग्यच आहे. हवेच्या दाबावर चालणारी ४.५ मिलिमीटर नळीची, २० ज्यूलपर्यंत ऊर्जा देणारी रायफल मात्र २०१६ च्या नियमांप्रमाणे परवान्याशिवाय घेता येते. पनवेलजवळ राहणाऱ्या आमच्या एका परिचितांकडे बुलपप घडणीची अशी रायफल आहे. त्यांच्या आवारात, मागे मातीचा भराव आणि डोळ्यांना चष्मे, अशी काळजी घेऊन आम्ही कागदी लक्ष्यावर ती चालवून पाहिली.

प्रथम ती दोरीने टांगून तिचा तोलबिंदू पाहिला. तो मुठीच्या अगदी जवळ आला. त्यामुळे ती एका हातात धरली तरी जड वाटत नाही आणि डावीउजवीकडे चटकन वळते. नेम धरून थोडा वेळ थांबलो, तेव्हा दुसरी बाजू कळली. दुर्बिणीतले चित्र सतत थरथरत होते. नेहमीच्या लांब हवाई रायफलीचे टोक जड असते, पण ते संथ हलते. चाप ओढताना बोटाखाली रबर असल्यासारखे वाटत होते. रायफलीच्या मालकांचे म्हणणे असे, की महिनाभराच्या सरावानंतर हाताला तिची सवय झाली, तिची गोळाबेरीज चांगली जमू लागली आणि आता लांब रायफल त्यांना अवघड वाटते. त्यांची मुलगी डावखुरी आहे. रायफल भरण्याची कळ उजव्या बाजूला असल्याने तिला दर वेळी ती खांद्यावरून खाली घ्यावी लागत होती. एका तासात तिचे नेम आमच्यापेक्षा बरे पडले; वेळ मात्र दुप्पट लागला.

थरथरण्याचे कारण वर्गात दाखवता येते. एक मीटरपट्टी घ्या. तिच्यावर टोकापासून ३० सेंटिमीटरवर एक डस्टर घट्ट बांधा आणि ते टोक मुठीत धरून पट्टी आडवी डावीउजवीकडे हलवा. मग तेच डस्टर ६० सेंटिमीटरवर बांधून पुन्हा हलवा. अंतर दुप्पट झाले की मनगटावरचा डस्टरचा भार दुप्पट होतो; पण वळवायला होणारा त्याचा विरोध, म्हणजे जडत्वाचा परिणाम, चौपट होतो, कारण तेथे अंतराचा वर्ग येतो. वजन शरीराजवळ आले की बंदूक पेलायला सोपी होते, वळायला त्याहून सोपी होते आणि म्हणूनच हाताच्या प्रत्येक थरकापालाही ती लगेच साथ देते.

पनवेलची दुसरी रायफल

हाच नियम उलट बाजूने पाहायचा असेल तर पनवेलमध्येच त्याचे उदाहरण आहे. नेमबाज सुमा शिरूर यांनी २००४ मध्ये क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत १० मीटर हवाई रायफल प्रकाराच्या प्राथमिक फेरीत ४०० पैकी ४०० गुण मिळवून विश्वविक्रमाची बरोबरी केली. त्याच वर्षी त्या अथेन्स ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचल्या. २००६ मध्ये त्यांनी पनवेलला ‘लक्ष्य शूटिंग क्लब’ सुरू केला. टोकियो पॅरालिंपिकमध्ये २०२१ साली सुवर्णपदक मिळवणाऱ्या अवनी लेखरा यांच्या त्या प्रशिक्षक आहेत. अवनी चाकाच्या खुर्चीतून नेमबाजी करतात.

या स्पर्धेतील लक्ष्याच्या मध्यावरचा दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तिथे जिना नाही, चिलखती गाडी नाही, वळायचे नाही. हवे आहे ते स्थैर्य आणि काही ग्रॅम दाबाने सुटणारा स्वच्छ चाप. त्यामुळे स्पर्धेची रायफल लांब असते, चाप यंत्रणेला लागून असतो आणि नेमबाज गरजेप्रमाणे पुढे वजनेही लावतात. दस्त्याची लांबी, गालाच्या टेकूची उंची, मुठीचा कोन, सारे स्क्रू फिरवून बदलता येते. डावखुऱ्यांसाठी वेगळी रायफल मिळते. येथे यंत्र माणसाच्या मापाने बसवले जाते. लष्करी साधन लाखोंच्या संख्येने एकाच मापाचे बनते, म्हणून तेथे माणसाला यंत्राच्या मापात बसावे लागते.

शिडी नव्हे, तडजोड

शास्त्राचा इतिहास शिकवताना आपण नकळत एक शिडी उभी करतो : तोडा, चकमक, टोपी, काडतूस, स्वयंचलित, प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा वर. बुलपप या शिडीत बसत नाही. १९९१ च्या आखाती युद्धात एसए-८० च्या अनेक तक्रारी आल्या आणि २००० नंतर तिच्यात मोठ्या दुरुस्त्या कराव्या लागल्या. न्यूझीलंडने २०१५ मध्ये ऑगऐवजी आणि फ्रान्सने २०१६ मध्ये फामासऐवजी नेहमीच्या घडणीची रायफल निवडली. चीननेही २०१९ च्या संचलनात आपल्या बुलपपच्या जागी सरळ घडणीची नवी रायफल दाखवली. आपल्याकडे विशेष दलांनी ताव्होर वापरली, पण इन्सासची जागा घेणाऱ्या सिग-७१६ आणि एके-२०३ या दोन्ही रायफली पारंपरिक घडणीच्या आहेत. दस्ता सरकवून किंवा दुमडून लांबी कमी करण्याची सोय आता बऱ्याच रायफलींत असते, दारूही सुधारली आहे. २४ सेंटिमीटरसाठी चाप, कान आणि डावा खांदा पणाला लावावा असे अनेकांना वाटेनासे झाले. दुसऱ्या काही देशांनी मात्र बुलपप कायम ठेवली आहे.

साधनाच्या लांबीवर सगळे अवलंबून असते असेही नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर काही पोलिसांच्या हाती ११३ सेंटिमीटरच्या थ्री नॉट थ्री रायफली होत्या. प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने ओढावा लागणारी ती घडण शंभर वर्षांची झाली होती. समोरच्यांकडे स्वयंचलित रायफली होत्या. तेथे फरक पाव मीटरचा नव्हता. यंत्रणा, सराव, चिलखत आणि संदेशवहन या सगळ्यांचा होता. कोणाच्या हाती कोणती बंदूक, हा १८७८ चा प्रश्न वेगळ्या रूपात पुन्हा समोर आला होता.

वर्गात बंदुकीचा विषय काढावा की नाही, याबद्दल शिक्षकांच्या मनात संकोच असतो. तो आम्हालाही समजतो. हे माणूस मारण्यासाठी बनलेले यंत्र आहे आणि त्याचे कौतुक करण्याचा येथे हेतू नाही. पण ज्या तडजोडी बंदुकीत दिसतात त्याच शिवणयंत्रात, विळीत, कात्रीत आणि बसच्या दारातही असतात. तेथून सुरुवात करता येईल. वर्गातील प्रत्येकाच्या खांद्यापासून बोटापर्यंतचे अंतर मोजून त्याचा आलेख काढा. मग बाकाची उंची मोजा आणि तो बाक किती जणांच्या मापाचा आहे ते पाहा. महाविद्यालयातल्या ज्या खुर्च्यांना लिहिण्याची फळी उजवीकडे जोडलेली असते, त्यांवर बसून डाव्या हाताने एक पान लिहायला सांगा. चाळीसच्या वर्गात तीन-चार मुले डावखुरी निघतील. ती फळी अशी का बसवली, ती दोन्हीकडे बसेल अशी करता येईल का आणि त्यासाठी खर्च किती वाढेल, हा हिशेब त्यांनाच मांडू द्यावा.